फ्लॅश दाबला की पार्टी कट होते

प्रश्न : मी पुलाची शिरोलीला एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात टेलिफोन आणि इनवर्ड-आउटवर्ड सांभाळते. बाहेरच्या दोन लाइन आहेत, आत चौदा एक्स्टेंशन. दिवाळीत माझ्या टेबलावरचा जुना फोन बदलून नवा दिला. तेव्हापासून फ्लॅश दाबून डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवणाऱ्या विभागाला, जोडायला गेलं की दहातले तीन-चार फोन कट होतात. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, फोन कुणी लवकर उचलत नाही. पार्टी, म्हणजे फोन करणारं गिऱ्हाईक, पाच-पाच मिनिटं होल्डवर राहते आणि मग राग माझ्यावर निघतो. परवा रिसीव्हरवर हात ठेवून मी आत विचारत होते, ते सगळं पलीकडे ऐकू गेलं. कधी कधी कुणीच बोलत नसताना दुसरी लाइन बिझी असते. साहेब म्हणतात, ‘तुला फोन जोडता येत नाही.’ शिवाय आता होल्डवर सिनेमाचं गाणं लावायचं त्यांच्या मनात आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, फोन बदलला आणि त्याच दिवसापासून लाइन कट व्हायला लागली, तर आधी संशय फोनवर घ्यायचा, माणसावर नाही. जुना फोन अजून कपाटात असेल तर आजच जेवणाच्या सुट्टीत तो परत लावून बघा. त्यावरून दहाच्या दहा फोन नीट जोडले गेले तर साहेबांना दाखवायला दुसरा पुरावा लागणार नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे सर्व्हिसवाल्याशी बोलताना अडणार नाही. रिसीव्हर उचलला की तारेतून करंट वाहू लागतो, ठेवला की थांबतो. तुमच्या इंटरकॉम बोर्डाला दोनच गोष्टी कळतात : करंट चालू आहे की थांबला, आणि थांबला असेल तर किती वेळ. फ्लॅशचं बटण तो करंट क्षणभर तोडतं. बोर्डाला ठरावीक लांबीचा खंड मिळाला की तो समजतो, ‘समोरच्याला होल्डवर टाकून मला आतला टोन द्या.’ खंड त्याहून लांबला तर त्याच्या लेखी तुम्ही फोन ठेवलेला असतो, आणि पार्टी कट होते. फारच आखूड झाला तर काहीच घडत नाही, किंवा बोर्ड त्याला जुन्या चकतीच्या फोनचा ‘एक’ हा आकडा समजतो. कारण चकतीचा फोनही आकडा पाठवताना करंटच तोडतो, फक्त सेकंदाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याच्या आसपास.

बाजारातल्या बऱ्याच फोनना फ्लॅशची वेळ बदलायची सोय असते. १००, ३०० आणि ६०० मिलिसेकंद हे नेहमी दिसणारे आकडे. फोन उलटा करून खाली किंवा कडेला बारीक सरकता खटका आहे का बघा. तो नसेल आणि फोनला डिस्प्ले असेल तर मेनूत ‘फ्लॅश टाइम’ सापडेल. तुमचे सगळेच फोन कट झाले असते तर गणित सरळ होतं. दहातले तीन-चार कट होतात, याचा अर्थ फोनची वेळ बोर्डाच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे. किंवा घाईत तुमचा हात फ्लॅशऐवजी रिसीव्हरखालच्या खुंटीवर जातो. जुन्या फोनवर खुंटी टपकन दाबून लाइन फिरवायची सवय अनेकांच्या हाताला असते. पण खुंटीची वेळ आपल्या बोटावर असते आणि बोट रोज सारखं चालत नाही. ती सवय आजपासून सोडा.

तपासणी अशी करा. स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसच्या दुसऱ्या लाइनला फोन लावा आणि तो आपल्याच टेबलावर उचला. फ्लॅश एकदा दाबून लगेच सोडा. रिसीव्हरमध्ये आतला डायल टोन आणि मोबाइलवर होल्डचं संगीत, दोन्ही आलं तर तो फोन पास. पुन्हा फ्लॅश दाबून (किंवा तुमच्या बोर्डाची जी पद्धत असेल तिने) मोबाइलवर परत या. असं दहा वेळा करा आणि किती वेळा जमलं ते कागदावर लिहा. मग खटका बदलून ३०० वर दहा वेळा, ६०० वर दहा वेळा. ज्या आकड्यावर दहापैकी दहा येतील तो ठेवा आणि खटक्यावर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे पुसताना सरकणार नाही. कुठल्याच आकड्यावर दहा आले नाहीत तर बोर्डातली फ्लॅशची वेळ बदलावी लागेल. ते प्रोग्रॅमिंगचं काम आहे, सर्व्हिसवाल्यावर सोडा. जाता जाता फोनवर टी (टोन) आणि पी (पल्स, म्हणजे चकतीची पद्धत) असा दुसरा खटका असेल तर तो टी वरच आहे ना हेही बघा.

जुना फोन लावूनही कट होत असेल तर दोष बहुधा वायरीत आहे. फाउंड्रीत काळ्या वाळूची बारीक धूळ ऑफिसच्या टेबलापर्यंत येतेच. ती खुंटीच्या फटीत आणि भिंतीवरच्या डबीत बसते आणि करंट मधेच आपोआप तुटतो. रिसीव्हरची गुंडाळीची वायर हलवल्यावर खरखर आली तर वायर बदला, ती किरकोळ किमतीत मिळते. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एकाच एक्स्टेंशनवर दोन फोन जोडलेले असतील आणि दुसऱ्याचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसेल, तर तुम्ही कितीही फ्लॅश दाबा, करंट दुसऱ्या फोनमधून वाहतच राहतो आणि बोर्डाला काही कळत नाही. शॉपच्या फोनची वायर इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे विजेच्या भट्टीच्या, केबलला लागून गेली असेल तर तिथे सतत घुंघुं आवाज येणार. ती वायर वेगळ्या मार्गाने न्यायला सांगा.

आता जोडण्याबद्दल. फ्लॅश, टोन, डिस्पॅचचा नंबर, इथपर्यंत सगळे करतात. घात होतो त्याच्या पुढे. घंटी वाजायला लागली की अनेक जण रिसीव्हर ठेवून देतात. पार्टी आता एकटी, आणि फोन मोल्डिंग मशीनच्या आवाजात वाजतोय. ठरलेल्या वेळात कुणी उचलला नाही की बोर्ड तो फोन परत तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही तो नवा समजून ‘नमस्कार, कोण बोलतंय?’ विचारता, आणि ज्या माणसाने दोन मिनिटांपूर्वी नाव, गाव, पीओ (खरेदीची ऑर्डर) नंबर सगळं सांगितलं तो भडकतो. त्याचं काय चुकलं? म्हणून रिसीव्हर हातात ठेवा. आतला माणूस बोलेपर्यंत थांबा आणि त्याला एका वाक्यात सांगा : ‘चाकणहून अमुक कंपनीचे साहेब आहेत, कालच्या पीओची गाडी सुटली का विचारतायत.’ तो ‘दे’ म्हणाला की मगच रिसीव्हर ठेवा. पार्टीला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही आणि डिस्पॅचवाल्याच्या हातात आधीच मालाचं चलन आलेलं असतं.

आत कुणी उचललंच नाही तर पार्टीकडे परत कसं यायचं हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. काहींवर पुन्हा फ्लॅश दाबला की पुरे, काहींवर फ्लॅशनंतर एक-दोन आकडे दाबावे लागतात. होल्ड, पार्क, दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्याकडे ओढणं, यांचे आकडेही कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतात. त्यामुळे शेजारच्या कारखान्यातल्या मैत्रिणीचा कोड तुमच्याकडे चालेलच असं नाही. बोर्डाच्या पुस्तिकेतून हे पाच-सहा कोड काढा, मोबाइल लावून एकेक करून बघा आणि जे चालले तेवढेच कार्डावर लिहून फोनशेजारी चिकटवा.

घंट्या किती वेळ वाजू द्यायच्या? बाहेरच्या लाइनची आपल्याकडची घंटी ‘ट्रिंग-ट्रिंग’ आणि मग दोन सेकंद शांतता अशी वाजते. एक फेरा तीन सेकंदांचा. चार फेरे म्हणजे बारा सेकंद. घड्याळाकडे न बघता हे मोजता येतं. चार फेऱ्यांत शॉपने उचललं नाही तर पार्टीकडे परत या.

होल्डवर टाकण्याआधी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. ‘एक मिनिट हं’ म्हणून बटण दाबणं हे विचारणं नव्हे. त्यातून लोक एक मिनिट म्हणतात आणि पाच लावतात, म्हणून त्या शब्दावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. असं म्हणा : ‘साहेब, डिस्पॅचला विचारून सांगते, अर्धा मिनिट लागेल. थांबता, की मी फोन करू?’ बरेच जण थांबतात. जे गाडी चालवत असतात ते सुटका झाल्यासारखे म्हणतात, ‘तुम्हीच करा.’ तीस सेकंद झाले की उत्तर मिळालेलं नसलं तरी लाइनवर या : ‘अजून विचारतेय, आणखी अर्धा मिनिट चालेल?’ दुसऱ्यांदाही काही हाती लागलं नाही तर तिसऱ्यांदा थांबवू नका. नंबर घ्या आणि परत फोन कधी करणार ती वेळ सांगा. ‘थोड्या वेळात’ असं मोघम नको, ‘साडेअकराच्या आत’ असं. साडेअकराला माहिती आलेली नसेल तरी फोन करायचा आणि तेच सांगायचं.

हा शिष्टाचार तर आहेच, पण तुमच्याकडे लाइन दोनच आहेत हेही लक्षात घ्या. बोलणं दोन मिनिटांचं असेल तर एका लाइनवर तासाला तीस फोन मावतात. त्यात चार मिनिटांचा होल्ड मिसळला की एक फोन सहा मिनिटांचा होतो आणि तासाला दहाच मावतात. दोन लाइन मिळून साठाचे वीस झाले. उरलेल्यांना एंगेज टोन ऐकू येतो आणि ते थेट साहेबांच्या मोबाइलवर तक्रार करतात. हे गणित साहेबांसमोर मांडा. तिसरी लाइन घेण्याआधी होल्ड आखडता घेणं फुकटात होतं.

रिसीव्हरवर हात ठेवायचं आता बंदच करा. बोटांच्या फटीतून आवाज जातो. हात अगदी घट्ट असला तरी बोलणं रिसीव्हरच्या प्लॅस्टिकमधून माइकपर्यंत पोचतं. म्यूट दाबला तर माइक बंद होतो हे खरं, पण पलीकडे शांतता पसरते. फोन कट झाला असं वाटून माणूस ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो. म्यूट शिंक किंवा खोकला येण्यापुरता ठेवा. आत कुणाशीही बोलायचं असेल तर होल्ड. आणि होल्ड लागल्याचं सांगणारा आतला टोन कानाला ऐकू येईपर्यंत एक शब्द बोलू नका. त्या टोनच्या आधी निघालेलं वाक्य पार्टीला जसंच्या तसं ऐकू जातं.

शॉपमधले लोक फोन उचलत नाहीत, यात त्यांचाही नाइलाज असतो. हातात ग्लोव्हज, कानात मशीनचा आवाज, आणि माणूस फेटलिंगला (ओतकाम घासून साफ करायला) गेलेला. तिथे कॉल पार्क उपयोगी पडतो. पार्टीला बोर्डातल्या एका खणात ठेवायचं, समजा खण दोन, आणि शॉपच्या स्पीकरवर सांगायचं, ‘डिस्पॅच, पार्क दोन.’ सुपरवायझर जिथे असेल तिथल्या जवळच्या फोनवरून कोड आणि दोन दाबतो आणि पार्टी त्याला मिळते. तुमच्या बोर्डाला पेजिंगचा स्पीकर जोडायची सोय आहे का ते सर्व्हिसवाल्याला विचारा. शॉपच्या फोनला जोडीने मोठी घंटी किंवा लुकलुकणारा दिवा लावला तर आवाजातही फोन आलेला कळतो.

इथे साहेबांनाही थोडं सांगावं लागेल, आणि ते काम तुमच्या एकटीच्या गळ्यात पडू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. चार फेऱ्यांत डिस्पॅचने उचलला नाही तर फोन कुणाकडे जायचा, हे साहेबांनी ठरवून दिलं पाहिजे. बोर्डात ‘नो आन्सर’ला फॉरवर्ड करता येतं : डिस्पॅचचा फोन क्वालिटीला, तिथेही नाही उचलला तर ऑफिसला. मात्र क्वालिटीचा परत डिस्पॅचला असं लावून ठेवू नका. फोन दोघांमध्ये गोल फिरत राहतो किंवा बोर्ड तो कट करतो, आणि दोष पुन्हा तुमच्यावर येतो.

गाण्याचं सांगायचं तर, सिनेमाचं गाणं लावू नका. त्याचे हक्क कुणाचे तरी असतात, परवानगी घ्यावी लागते. शिवाय ते वाईट ऐकू येतं. साध्या टेलिफोन लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. म्हणजे ढोलकीचा घुमारा खालून कापला जातो आणि बासरीची झिलई वरून. मोबाइलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली, त्यामुळे ती वाद्यांचे सूर आणखी चुरगळते. काही ऑफिसांत अंबाबाईची आरती लावतात. भाव चांगला आहे, पण आरती अर्ध्यात तोडून ‘हं, बोला’ म्हणावं लागतं, ते कानाला बरं वाटत नाही. त्यापेक्षा तुमच्याच आवाजात छोटासा निरोप रेकॉर्ड करा : ‘आपली लाइन चालू आहे. माहिती घेऊन लगेच बोलते.’ मग दहा सेकंद एखाद्या वाद्याचा हलका, संथ आवाज आणि पुन्हा तोच निरोप. पंखा बंद करून, दार लावून रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी ऑफिसच्या फोनवर न ठरवता मोबाइलवर ऐकून ठरवा. होल्डवर काहीच ऐकू येत नसेल तर बोर्डाच्या संगीताच्या सॉकेटमधली पिन निघालेली असते किंवा बाहेरचा प्लेअर बंद असतो, आधी तेच बघा.

कुणी बोलत नसताना लाइन बिझी दाखवते त्याचं कारण वेगळं. होल्डवर कंटाळून पार्टीने फोन ठेवला, पण साध्या लाइनवर ही बातमी बोर्डाला आपोआप मिळत नाही. एक्स्चेंज ‘टूं-टूं’ असा एंगेज टोन देत राहतं, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. तो टोन ओळखून लाइन सोडायला बोर्डाला शिकवलेलं नसेल तर बोर्ड त्या टोनलाच तुमचा निरोप ऐकवत बसतो. अशा वेळी ती होल्डची लाइन परत घ्या. टूं-टूं ऐकू आलं तर रिसीव्हर ठेवा, लाइन मोकळी होईल. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हिसवाल्याला ‘बिझी टोन डिटेक्शन’ चालू करायला सांगणं. लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (तारांचं प्लस-मायनस उलटणं) मिळत असेल तर बोर्डाला फोन संपल्याचं त्यावरूनही कळतं, तेही विचारून घ्या.

तुमची लाइन फायबरवरची असेल तर आणखी एक काळजी घ्या. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट येत होते, ऑफिसची लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरला तसं नाही. लाइट गेली की भिंतीवरची फायबरची डबी बंद आणि फोनही बंद. बोर्ड यूपीएसवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्या डबीचा प्लगही यूपीएसवरच हवा.

परत फोन करायचा म्हटल्यावर नंबर चुकता कामा नये. मराठीत जोडीने नंबर सांगायची सवय इथे नडते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट फोनवर सहज गडबडतात. पार्टीने जोडीने सांगितला तरी तुम्ही एकेक आकडा म्हणून खात्री करा : ‘पाच, नऊ, शून्य…’ सातच्या जागी साठ ऐकू आला असेल तर तोही इथेच पकडला जातो. चिठ्ठीवर नाव, कंपनी, नंबर, पीओ किंवा चलन नंबर, फोन आलेली वेळ आणि परत करायची वेळ एवढं असलं की पुरे. कुरिअरच्या पावत्यांबरोबर ती हरवू नये म्हणून सुट्या कागदांऐवजी वही ठेवा.

‘सेल्ससाठी एक दाबा’ छापाचा स्वयंचलित निरोप लावायची एवढ्यात गरज नाही. चौदा एक्स्टेंशनच्या ऑफिसला माणसाचा आवाज बरा. फक्त सुट्टीच्या दिवसासाठी बोर्डाचा नाइट मोड लावून घ्या. सोमवारी कारखाना बंद असेल तर रविवारी निघताना तो चालू करायचा, म्हणजे घंटी रिकाम्या ऑफिसात न वाजता वॉचमनच्या केबिनमध्ये वाजते. त्याच्याकडेही एक वही आणि पेन द्या.

सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्या. फ्लॅशची वेळ तुमच्या फोनशी जुळवणं. होल्डचा फोन साठ सेकंदांनी तुमच्याकडे परत वाजेल असं लावणं. जोडलेला फोन कुणी न उचलल्यास वीस सेकंदांत परत येईल असं करणं. आणि बिझी टोन ओळखून लाइन सोडणं. तो काहीही बदलण्याआधी आत्ता असलेले आकडे त्याला वाचून दाखवायला सांगा आणि तुमच्या वहीत तारखेसह लिहून घ्या. नवं काही बिघडलं तर निदान जुन्यावर परत येता येईल.